जोडीतला एक गोल्डफिश गेल्यावर: उरलेल्या माशाला सोबती आणावा का, केव्हा आणि कसा

टँकमधील दोन गोल्डफिशपैकी एक मेला की बहुतेक घरांत त्याच दिवशी संध्याकाळी दुकानातून दुसरा आणला जातो. उरलेला मासा कोपऱ्यात बसून राहिलेला असतो, मुले हिरमुसलेली असतात, आणि पंधरा मिनिटांवरच्या दुकानात तसाच केशरी मासा शंभर-दोनशे रुपयांत मिळत असतो. त्या संध्याकाळी दुकानात जाऊ नये, हेच या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. पहिला मासा ज्या कारणाने मेला ते कारण बहुधा अजून पाण्यातच असते. नवा मासा त्याच पाण्यात पडतो, वर स्वतःबरोबर दुकानातील रोगजंतू घेऊन येतो, आणि पंधरवड्यात दोन्ही मासे जातात. मृत्यूच्या दिवसापासून सोबती प्रत्यक्ष टँकमध्ये सोडण्यापर्यंत साधारण दोन महिने जातील, असे धरूनच पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

मेलेला मासा बाहेर काढणे

मेलेला मासा दिसताक्षणी जाळीने बाहेर काढावा. कोमट पाण्यात तो काही तासांतच कुजू लागतो आणि त्यातून सुटणारा अमोनिया उरलेल्या माशाला बाधतो. शिवाय गोल्डफिश मेलेल्या सोबत्याला तोंड लावण्यास कचरत नाहीत, त्यामुळे रोग असल्यास तो थेट पोटात जातो. हाताला जखम किंवा चिरा असतील तर हातमोजे घालावेत, कारण माशांच्या टँकमध्ये आढळणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू त्वचेतून शिरून महिनोन्महिने न भरणारी गाठ निर्माण करू शकतो.

फेकण्याआधी मासा पांढऱ्या ताटलीत ठेवून चांगल्या उजेडात पाहावा आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. खवले पिसारल्यासारखे उभे राहिले आहेत का, अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत का, पंखांच्या बुडाशी रक्ताच्या रेषा आहेत का, अंगातून दोऱ्यासारखे काही बाहेर आले आहे का, हे पाहावे. मग कल्ल्याचे झाकण काडीने अलगद उचलावे. मृत्यू ताजा असेल तर निरोगी कल्ले गडद लाल दिसतात; ते तपकिरी, चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट वाढल्याचा दाट संशय घ्यावा, आणि फिकट गुलाबी दिसले तर परजीवी किंवा दीर्घकाळचा आजार असू शकतो. मासा रात्रभर पाण्यात पडून राहिला असेल तर मात्र कल्ल्यांच्या रंगावरून किंवा धूसर डोळ्यांवरून काहीही ठरवू नये, कारण हे बदल मृत्यूनंतरही होतात.

मासा महागाचा असेल किंवा टँकमध्ये आणखी मासे असतील तर तज्ज्ञाला दाखवण्याचा विचार करावा. त्यासाठी तो पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, आणि काही तासांतच पोहोचवावा. माशांवर उपचार करणारे पशुवैद्य आपल्याकडे मोजकेच आहेत. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये येथे आधी दूरध्वनी करून विचारून पाहता येते.

मासा संडासात टाकून पाणी सोडू नये आणि नदी-तलावातही टाकू नये. कागदात गुंडाळून मोठ्या कुंडीत वीतभर खोल पुरावा, नाहीतर ओल्या कचऱ्यात द्यावा. घरात लहान मूल असेल तर मासा मेला हे सरळ शब्दांत सांगावे. शाळेतून येण्याआधी तसाच दुसरा आणून ठेवण्याचा खटाटोप करू नये. मुलांना ठिपके आणि शेपट्या आपल्यापेक्षा नीट आठवत असतात.

कारण शोधणे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण पुढचे सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. आधी मृत्यूचा आकृतिबंध पाहावा. काही तासांत दोन-तीन मासे गेले असतील किंवा उरलेला मासाही पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असेल, तर दोष पाण्यात आहे. एकच मासा आठवडाभर मलूल राहून गेला असेल तर आजाराची शक्यता अधिक. आदल्या रात्रीपर्यंत खाणारा मासा सकाळी एकाएकी मेलेला आढळला, तर गेल्या दोन दिवसांत घरात काय झाले ते आठवावे.

या आठवण्यातून अनेकदा उत्तर मिळते. डास मारण्याचा फवारा मारला होता का? बहुतेक फवाऱ्यांमधील पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये माशांना अतिशय विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. इमारतीत धूरफवारणी झाली असेल किंवा दारे-खिडक्यांना तेलरंग लावला असेल, तरीही हाच प्रश्न विचारावा. रात्री बराच वेळ वीज गेली होती का? पाणी २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात पंप बंद पडणे हे पुण्याच्या डिसेंबरपेक्षा कितीतरी धोक्याचे असते.

आणखी दोन कारणे खास आपल्या सणांशी जोडलेली आहेत. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा सोपवला जातो आणि ते प्रेमापोटी मूठमूठ दाणे टाकतात. निरोगी, वाढलेला गोल्डफिश आठवडाभर सहज उपाशी राहू शकतो, पण न खाल्लेल्या दाण्यांनी सडलेल्या पाण्यात दोन दिवसही काढू शकत नाही. दुसरे कारण दिवाळीची साफसफाई. टँक पूर्ण रिकामा करून, खडे उकळत्या पाण्याने धुऊन, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून सगळे लख्ख केले जाते, आणि चार-सहा दिवसांत मासा मरतो. मग "एवढे स्वच्छ पाणी असूनही मेला" असे नवल केले जाते.

त्यात नवल काहीच नाही. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. स्पंजमध्ये आणि खड्यांवर वाढलेले उपयुक्त जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने किंवा उकळत्या पाण्याने हे जिवाणू मरतात आणि त्यांची वसाहत पुन्हा उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी दिसायला काचेसारखे असते आणि मासा मात्र स्वतःच्याच विसर्जितात गुदमरत असतो.

म्हणून पाण्याची चाचणी करावीच. पट्ट्यांपेक्षा थेंब टाकून रंग जुळवायचे संच अधिक भरवशाचे असतात. सहाशे-हजार रुपयांचा हा खर्च पुढच्या माशाच्या आधी करावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत हवे, आणि सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) साधारण ७ ते ८.४ च्या दरम्यान स्थिर असावा. अमोनियाचा आकडा सामूसोबतच वाचावा लागतो. २५ अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या जरा वरच भाग विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. म्हणून कूपनलिकेच्या जड, अल्कधर्मी पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम अमोनियाही घातक ठरतो, तर मुंबईच्या धरणांतून येणाऱ्या मृदू पाण्यात मासा तेवढ्यावर काही दिवस तग धरून राहतो.

चाचणीत अमोनिया किंवा नायट्राइट आढळले तर एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरिनमुक्त आणि टँकमधील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. मात्र टँककडे कित्येक महिने दुर्लक्ष झाले असेल आणि सामू ६ च्या आसपास घसरला असेल, तर निम्मे पाणी एकदम बदलणे धोक्याचे आहे, कारण सामू झटकन वर गेल्यावर साठलेला अमोनियम, म्हणजे अमोनियाचे निरुपद्रवी रूप, विषारी अमोनियात बदलतो. अशा वेळी रोज १५ ते २० टक्के पाणी बदलत आठवड्याभरात स्थिती सुधारावी. नायट्राइट जास्त असेल तर लिटरमागे १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातल्याने तात्पुरते संरक्षण मिळते, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला अडवते. टँकमध्ये जिवंत वनस्पती असतील तर त्यांना हे मीठ मानवत नाही.

चाचणी निर्दोष आली, घरात काही वेगळे घडले नव्हते आणि मेलेल्या माशावर आजाराची खूण नव्हती, असेही होते. मासा सात-आठ वर्षांचा असेल तर वय हे कारण मानता येते, पण दोन वर्षांच्या गोल्डफिशला म्हातारा समजू नये. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा ते वीस वर्षे जगतो. इंग्लंडमधील टिश नावाचा, १९५६ मध्ये जत्रेत जिंकलेला गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला होता.

उरलेला मासा दुःखी आहे की आजारी?

सोबती गेल्यावर उरलेला मासा कमी फिरतो, कमी खातो, तळाशी बसतो, हे अनेकांनी पाहिलेले असते आणि ते खरे असते. त्याचा अर्थ लावताना मात्र घाई होते. माशांना सोबतीचे भान असते याचे पुरावे आहेत. फ्रान्समधील बुरगुंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, निवडलेल्या नरापासून वेगळ्या केलेल्या कॉन्व्हिक्ट सिक्लिड जातीच्या माद्या संदिग्ध खूण असलेली डबी उघडायला अधिक वेळ लावत असल्याचे, म्हणजे त्या अधिक निराशावादी झाल्याचे दिसले. पण सिक्लिड जोडीने पिल्ले वाढवणारे मासे आहेत. गोल्डफिश कळपात वावरतात, जोडी बांधत नाहीत, त्यामुळे त्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

व्यवहारात असे समजावे की मलूल दिसणारा उरलेला मासा आधी आजारी आहे, आणि तसे नसल्याची खात्री पटल्यावरच तो एकटेपणाने मलूल आहे. पंख अंगाला चिकटवून बसणे, खड्यांवर अंग घासणे, कल्ले भराभर हलणे, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी होणे, ही आजाराची किंवा खराब पाण्याची लक्षणे आहेत. मासा व्यवस्थित खातो, पंख पसरून पोहतो, फक्त थोडा बुजरा झाला आहे, तर त्याला वेळ द्यावा. काही आठवडे एकटे राहिल्याने गोल्डफिशचे काही बिघडत नाही.

शेवटचे लक्षण दिसल्यापासून किंवा शेवटचा मृत्यू झाल्यापासून पूर्ण चार आठवडे उरलेला मासा निरोगी राहिला पाहिजे, आणि या काळात अमोनिया व नायट्राइट सलग शून्य राहिले पाहिजे. हे होईपर्यंत सोबत्याचा विचार पुढे नेऊ नये. "असू दे म्हणून" औषधे टाकत राहणे तर टाळावेच. दुकानात मिळणारे निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि सुटी प्रतिजैविके फिल्टरमधील जिवाणूंनाच मारतात.

टँकमध्ये दुसऱ्याला जागा आहे का

आपल्याकडे टँक फुटांत विकले जातात, म्हणून हिशेब फुटांतच करावा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकची क्षमता सुमारे ५६ लिटर होते; खडे, फिल्टर आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ ते ५० लिटर उरते. तीन फूट लांब आणि सव्वा-सव्वा फूट रुंदी-उंचीच्या टँकमध्ये ११० लिटरच्या आसपास पाणी मावते.

गोल शरीराच्या, दुहेरी शेपटीच्या गोल्डफिशसाठी पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर, हा माप म्हणून चांगला आधार आहे. म्हणजे दोन मासे तीन फुटी टँकमध्ये बसतात आणि दोन फुटी टँकमध्ये बसत नाहीत. हे वाचून अनेकांना धक्का बसेल, कारण दोन फुटी टँकमध्ये चार-चार गोल्डफिश सर्रास ठेवलेले दिसतात. ते लहान असतात तोवर निभावते. आठ-दहा सेंटिमीटरचे झाले की एक-एक करून मरू लागतात. आपला पहिला मासा याच गणिताने गेला असण्याची शक्यता प्रामाणिकपणे तपासावी. लांब, सडपातळ कॉमन, कॉमेट किंवा शुबंकिन जातींना तर आणखी मोठी जागा लागते. ते पाऊण-एक फूट वाढतात आणि खरे तर अंगणातील हौदाचे मासे आहेत. काचेच्या गोल भांड्याचा येथे विचारच करू नये.

जागा कमी असेल तर दोनच मार्ग उरतात: मोठा टँक घेणे किंवा उरलेल्या माशाला आहे त्या टँकमध्ये एकटे ठेवणे. मोठा टँक घेतल्यास जुना फिल्टर न धुता तसाच नव्या टँकमध्ये चालवावा, म्हणजे जिवाणूंची वसाहत सोबत जाते.

सोबती कसा निवडावा

गोल्डफिशला सोबती गोल्डफिशच असावा. गप्पी आणि निऑन टेट्रा त्याच्या तोंडात मावतात, आणि तोंडात मावते ते गोल्डफिश खातो. टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतात. "टँक साफ करतो" म्हणून हमखास गळ्यात मारला जाणारा सकर मासा तर अजिबात घेऊ नये; तो रात्री संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा श्लेष्मल थर खरवडतो, आणि स्वतः फूटभराहून मोठा होतो. पुढे नकोसा झाला की लोक तो तलावात सोडतात, आणि देशातील अनेक नद्या-जलाशयांत आज तो जाळी फाडणारा उपद्रव होऊन बसला आहे.

गोल्डफिशमध्येही शरीराचा प्रकार जुळवावा. ओरांडा, रेयुकिन, रांचू, ब्लॅक मूर हे गोलमटोल मासे हळू पोहतात. कॉमेट किंवा शुबंकिन त्यांच्यासोबत ठेवला तर दाणे त्याच्याच पोटात जातात. ब्लॅक मूरसारख्या टपोऱ्या डोळ्यांच्या माशांना नीट दिसत नाही, बबल आयच्या डोळ्यांखालच्या पिशव्या फुटू शकतात. अशांना त्यांच्यासारखाच अधू सोबती हवा. लांबीत फार तफावत नको. नवा मासा जुन्याच्या किमान दोन तृतीयांश लांबीचा असावा. दुकानात बहुतेक मासे लहान असतात, त्यामुळे वाढलेल्या माशाला जोडीदार शोधताना वेळ लागतो, आणि कोणी हौस संपल्यामुळे आपला मोठा गोल्डफिश देऊन टाकत असेल तर तो पर्याय दुकानापेक्षा चांगला ठरतो.

नर-मादी पाहावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दुकानात "जोडी" म्हणून बांधून दिले जाते ते अर्थहीन आहे, कारण लहान गोल्डफिशचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. प्रौढ नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर विणीच्या काळात बारीक पांढरे दाणे उठतात, आणि ते पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून घाबरून औषध टाकणारेही अनेक असतात. दोन माद्या किंवा दोन नर एकत्र उत्तम राहतात; एक नर आणि एक मादी असल्यास नर विणीच्या काळात मादीचा पाठलाग करतो आणि छोट्या टँकमध्ये ती थकून जाते.

दुकानात

मुंबईत कुर्ल्याचा शोभिवंत माशांचा बाजार आणि क्रॉफर्ड मार्केट, तर इतर शहरांत गल्लोगल्लीची दुकाने, सगळीकडे माल बहुधा कोलकाता किंवा चेन्नईतील कोळत्तूरहून आलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, माल कधी आला याचा विचारावा. प्रवासाने दमलेले मासे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक मरतात. दुकानात दहा-पंधरा दिवस टिकलेला मासा घ्यावा. दुकानदार घाई करू लागला तरी किमान दहा मिनिटे टँकसमोर उभे राहावे. त्या टँकमध्ये एकही मेलेला किंवा ठिपके उठलेला मासा असेल तर कितीही सुंदर मासा असला तरी तेथून घेऊ नये, आणि शेजारचे टँक एकाच फिल्टरवर चालत असतील तर त्यांतूनही घेऊ नये. पाणी निळसर किंवा पिवळसर असेल तर त्यात औषध आहे आणि आजार दबलेला असू शकतो. आपल्यासमोर चार दाणे टाकायला सांगावे. जो मासा धावून येतो, ज्याची पाठ सरळ आहे आणि जो दोन्ही कल्ले सारखे हलवतो, तो निवडावा. दुकानदाराची जाळी आपल्या घरी आणू नये आणि पिशवीतील पाणी आपल्या टँकमध्ये ओतू नये.

चार आठवडे वेगळे ठेवणे

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि हिच्याशिवाय मागची सगळी मेहनत वाया जाते. वेगळा टँक विकत घेण्याची गरज नाही; ४०-५० लिटरचा, साबण न लागलेला प्लास्टिकचा टब पुरतो. त्यात स्पंज फिल्टर, लपायला कुंडी किंवा पाइपचा तुकडा, आणि वरून जाळी असावी, कारण नवखे मासे उड्या मारतात. तळाशी खडे घालू नयेत, म्हणजे विष्ठा आणि उरलेले दाणे दिसतात. टबचा स्पंज आधीचे महिनाभर मुख्य टँकमध्ये चालवून ठेवलेला असेल तर त्यात जिवाणू तयार असतात. मात्र मुख्य टँकमधील मासा संसर्गाने गेला असेल तर तो स्पंज वापरू नये आणि टबात दर एक-दोन दिवसांनी पाणी बदलत राहावे. जाळी, बादली आणि नळी पूर्णपणे वेगळी ठेवावी, कामाचा क्रम नेहमी आधी जुना टँक आणि मग टब असा असावा, आणि नंतर हात धुवावेत.

जवळच्या दुकानातून आणलेली पिशवी १५-२० मिनिटे टबच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, आणि मग मासा जाळीने किंवा हाताने उचलून सोडावा. मासा परगावाहून दिवसभराच्या प्रवासाने आला असेल तर पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे सामू खाली गेलेला असतो आणि साठलेला अमोनिया त्यामुळेच निरुपद्रवी राहिलेला असतो; पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान बंद पिशवीतच जुळवून, उघडताच मासा लगेच स्वच्छ पाण्यात सोडावा.

पहिल्या दिवशी खायला देऊ नये. पुढे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी २५ अंशांच्या आसपास साधारण आठवडाभरात आपले चक्र पूर्ण करतो, त्यामुळे तो बहुधा पहिल्या दहा दिवसांत दिसतो. थंडीत हेच चक्र कित्येक आठवडे लांबते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत विलगीकरण सहा आठवड्यांचे करावे. ठिपके दिसल्यास मीठ दोन दिवसांत हप्त्याहप्त्याने वाढवत लिटरला ३ ग्रॅमपर्यंत न्यावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान दहा दिवस तसेच ठेवावे. गोल्डफिश हे मीठ सोसतात. अंगातून दोऱ्यासारखा लोंबणारा नांगरकृमी आणि पारदर्शक टिकलीसारखी चिकटलेली माशांची ऊ हे तळ्यात वाढवलेल्या गोल्डफिशवर नेहमी आढळणारे दोन परजीवी आहेत. ते चिमट्याने काढता येतात, पण त्यांची अंडी व पिल्ले पाण्यात राहतात, त्यामुळे जाणकाराच्या सल्ल्याने औषध आणि पुन्हा तीन आठवड्यांची प्रतीक्षा ओघाने येते. कोणताही आजार दिसला की चार आठवड्यांची मोजणी बरे झाल्याच्या दिवसापासून नव्याने सुरू करावी.

तिसऱ्या आठवड्यापासून एक उपयुक्त गोष्ट करता येते. मुख्य टँकचे पाणी बदलताना काढलेले पाणी टबात भरावे. नव्या माशाला जुन्या टँकच्या पाण्याची आणि त्यातील जंतूंची हळूहळू सवय होते, आणि उरलेला मासा एखादा रोग लपवून बसला असेल तर तोही येथेच उघडकीस येतो. टबातील पाणी मात्र मुख्य टँकमध्ये कधीही जाऊ देऊ नये.

एकत्र सोडणे

गोल्डफिश हद्द राखून भांडणारा मासा नाही, त्यामुळे हा टप्पा लोकांना वाटतो तितका अवघड नसतो. आदल्या दिवशी एक चतुर्थांश पाणी बदलावे. संध्याकाळी जुन्या माशाला खायला देऊन, सजावट थोडी इकडेतिकडे करून, दिवा बंद ठेवून नवा मासा सोडावा. पहिले दोन-तीन दिवस हुंगणे, मागे-मागे फिरणे, दाण्यांवरून ढकलाढकली होणारच. दाणे टँकच्या दोन टोकांना टाकले की ती कमी होते. पंख फाटले, खवले गळाले किंवा एक मासा सतत कोपऱ्यात दडून उपाशी राहू लागला, तर नव्याला परत टबात न्यावे आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्यासाठी टब महिनाभर तरी मोडू नये.

या दिवसांत भांडणाहून पाणी अधिक तपासावे. टँकमधील जिवाणू एका माशाच्या विसर्जितापुरतेच असतात आणि भार एका रात्रीत दुप्पट होतो. पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया मोजावा, एकूण खाणे आधी एका माशाइतकेच ठेवून हळूहळू वाढवावे, आणि टबातील स्पंज फिल्टर, टब रोगमुक्त राहिला असल्यास, मुख्य टँकमध्येच चालू ठेवावा.

मासा गोल्डफिश नसेल तर

फायटर आणि फ्लॉवरहॉर्न यांना सोबती लागत नाही. आणला तर दोघांपैकी एक मरतो. निऑन टेट्रा, कोरीडोरास, टायगर बार्ब हे थव्यात राहणारे मासे आहेत आणि त्यांच्यातील एक-दोन उरले असतील तर एक सोबती आणून भागत नाही, थवा सहाच्या वर न्यावा लागतो. गप्पींमध्ये एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, आणि पिल्लांचे काय करायचे ते आधी ठरवावे. एंजलच्या जमलेल्या जोडीतील एक गेला तर प्रकरण नाजूक असते, कारण उरलेला मासा सगळा टँक आपला मानतो आणि नव्या प्रौढाला जिवे मारू शकतो. तेथे टँकमध्ये पारदर्शक आडकाच बसवून दोघांना दोन आठवडे एकमेकांना पाहू द्यावे, आणि एवढे करूनही त्यांचे जमेलच असे नाही.

सोबती न आणायचे ठरवल्यास

स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली लागू झालेल्या प्राणीसंरक्षण नियमांनी समूहात राहणाऱ्या जातींना स्वजातीयांची सोबत देणे बंधनकारक केले, आणि तेव्हापासून एकटा गोल्डफिश ठेवणे हे क्रौर्यच आहे असे सरसकट म्हटले जाते. सोबत असलेली बरी, हे मान्य करूनही, दोन फुटी टँकमध्ये दाटीने दोन मासे ठेवण्यापेक्षा एकटा मासा स्वच्छ पाण्यात ठेवणे मला अधिक योग्य वाटते. मासा दहा-बारा वर्षांचा असेल, त्याला पोहण्याचा जुनाट विकार असेल किंवा घरातील कोणालाच पुढची पंधरा वर्षे टँक सांभाळायचा नसेल, तर नवा मासा आणूच नये. आणला तर काही काळाने तोच एकटा उरतो आणि हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एकट्या गोल्डफिशला गुंतवून ठेवणे सोपे आहे. तो दिवसभर तळाशी चाळत राहणारा मासा आहे, म्हणून तळाला बारीक गुळगुळीत वाळूचा पातळ थर द्यावा आणि बुडणारे दाणे त्यात विखरून टाकावेत. सोललेला उकडलेला मटार, पालकाचे पान, काकडीची चकती काचेला चिकटवून दिली की तो तासभर रमतो. टँक घरातील वर्दळीच्या खोलीत, पण थेट उन्हापासून आणि स्वयंपाकघरातील फोडणीच्या धुरापासून दूर ठेवावा. रोज ठरलेल्या वेळी एकाच जागी दाणे दिले की काही दिवसांत तो त्या वेळी तेथे हजर होऊ लागतो. तो आला नाही तर त्याच दिवशी अमोनिया आणि नायट्राइट मोजावे.